जड ओंडके हलवायची रीत: उचलायचं कमी, लोळवायचं जास्त

६० सेंटिमीटर व्यासाचा आणि ४० सेंटिमीटर लांबीचा, नुकताच कापलेला कठीण लाकडाचा ओंडका साधारण ११० किलो भरतो. बघताना तो तेवढा वाटत नाही. गुडघ्याच्याही खालीच राहतो, गोल असतो, आणि शेजारचा थोडा बारीक ओंडका आत्ताच कसाबसा उचललेला असतो. घात इथेच होतो. वजन व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं: व्यास दुप्पट झाला की वजन चौपट.

अंदाजासाठी सोपं सूत्र आहे. व्यास गुणिले व्यास गुणिले लांबी, सगळं सेंटिमीटरमध्ये, त्याला ०.७८५ ने गुणायचं आणि १००० ने भागायचं. उत्तर किलोत येतं. ताजं कापलेलं बरंचसं कठीण लाकूड घनमीटरला ९०० ते ११०० किलो, म्हणजे जवळपास पाण्याइतकंच जड असतं, म्हणून हे सूत्र चालतं. ४० सेंटिमीटर लांबी धरली तर ३० सेंटिमीटर व्यासाचा ओंडका २८ किलोंचा, ४० चा ५० किलोंचा, ६० चा ११३ किलोंचा आणि ८० चा थेट २०० किलोंचा होतो.

आता हे आकडे माणसाच्या पाठीशी ताडून बघा. अमेरिकेतली कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणारी सरकारी संस्था एनआयओएसएच हिने १९९१ साली वजन उचलण्याचं जे सुधारित सूत्र तयार केलं, त्याची सुरुवातच २३ किलोंपासून होते. तेही ओझं अंगालगत, कमरेच्या उंचीवर, पकड चांगली आणि कंबर न वळवता उचललं तर. जमिनीवरून, लांब हात करून, सालीवरून निसटणारी पकड घेऊन उचलायचं म्हटलं की मर्यादा आणखी खाली येते. म्हणजे आपल्याला किरकोळ वाटणारा ३० सेंटिमीटरचा ओंडकाही त्या मर्यादेच्या बाहेरच आहे.

म्हणून मी या कामाचा एकच हिशेब ठेवतो: झाड पडलं तिथपासून सरपण रचायच्या जागेपर्यंत एक ओंडका जमिनीवरून किती वेळा उचलावा लागतो? तो आकडा शून्यावर आणायचा. लोळवा, कलवा, ओढा, चाकावर घाला, फोडून हलका करा. उचलणं मात्र शेवटचा पर्याय. पुढचं सगळं त्याच हिशेबानं लिहिलं आहे.

करवत चालू करण्याआधी वाट चालून बघा

रिकाम्या हातानं, मोजपट्टी घेऊन, गाडी जिथपर्यंत येते तिथपासून खोडापर्यंत एकदा चालत जा. किमान मीटरभर रुंदीची मोकळी वाट हवी. वाटेत घोट्याच्या उंचीचे खुंट असतील तर ते जमिनीलगत आणि सपाट कापा. तिरपं कापलेलं बारीक खोड पुढे चाक फाडतं आणि माणूस त्यावर पडला तर भोसकतं. मऊ जमिनीवर जाड प्लायवूडचे दोन तुकडे आळीपाळीनं पुढे सरकवत नेले की चाक रुतत नाही. चिखल झाला असेल आणि काम थांबवणं शक्य असेल तर थांबवा. कोरड्या जमिनीवर एक माणूस जे करतो त्याला ओल्या जमिनीवर दोघे पुरत नाहीत.

या फेरीत सगळ्यात मोठा निर्णय घ्यायचा: ओंडके जागेवर पाडायचे, की अख्खं खोड ओढून गाडीजवळ न्यायचं आणि तिथे कापायचं? ट्रॅक्टर किंवा दमदार विंच (दोरानं भार ओढणारं यंत्र) असेल तर अख्खं खोडच ओढावं. एका ओढीत दहा-पंधरा ओंडके वाटेशी येतात आणि कापलेला ओंडका थेट गाडीच्या बाजूला पडतो. हातांवरच भिस्त असेल तर उलट. जागेवर कापा आणि लहान करून न्या. अर्धवट मार्ग सगळ्यात वाईट. खोडाचे दीड-दोन मीटरचे तुकडे पाडून ठेवले तर ते हातानं हलत नाहीत आणि यंत्राला त्यांच्यासाठी पुन्हा पुन्हा साखळी बांधावी लागते.

कापतानाच पुढचं काम सोपं करा

ओंडक्याची लांबी शेगडीच्या किंवा भट्टीच्या तोंडावर ठरते, पण दोन लांब्या चालत असतील तर आखूड निवडा. ६० सेंटिमीटर व्यासाचा ओंडका ४० ऐवजी ३० सेंटिमीटर लांबीचा कापला की ११३ वरून ८५ किलोंवर येतो. शिवाय आखूड ओंडका फुटतोही लवकर. लांबीची एक काठी कापून घ्या आणि खडूनं आधीच खुणा करा. सगळे ओंडके एकसारखे आले की ट्रॉलीवर नीट बसतात आणि रचाईही पक्की होते.

ओंडक्यावर फांदीचा खुंट राहू देऊ नका. सालीच्या पातळीला कापून टाका. दोन बोटं उंचीचा खुंट राहिला तरी ओंडका दर फेऱ्याला अडतो, आणि अडलेला ओंडका ढकलतानाच कमरेला झटका बसतो.

जमिनीवर पडलेलं खोड वरून तीन चतुर्थांश कापावं, सगळ्या खुणांवर तसं करून घ्यावं, मग खोड अर्धा फेरा फिरवून उरलेला काप वरूनच पूर्ण करावा. चेनसॉची साखळी मातीला टेकली की क्षणात बोथट होते, ते यामुळे टळतं. खोड फिरवायला कँट हुक लागतो. हा मीटर-सव्वा मीटर लांब, जाड दांडा असतो आणि खालच्या टोकाला बिजागरीवर झुलणारा लोखंडी आकडा. दांड्याचं टोक खोडाला टेकवायचं, आकडा पलीकडच्या सालीत रुतू द्यायचा आणि दांडा खाली दाबायचा. सुरुवातीला आकडा साल ओरबाडत निसटतो; तो सालीखालच्या लाकडात शिरला की दांडा एकदम घट्ट होतो, आणि दोघांना न हललेलं खोड एक माणूस फिरवतो. दांड्याच्या टोकाला अणकुचीदार खिळा असलेल्या याच्या भावंडाला पीव्ही म्हणतात. अमेरिकेतल्या मेन राज्यात नदीतून लाकूड वाहून नेणाऱ्यांसाठी जोसेफ पीव्ही नावाच्या लोहारानं १९ व्या शतकात तो घडवला. दीडशे वर्षं उलटली तरी त्याची रचना फारशी बदलावी लागलेली नाही, यावरून हत्यार किती नेमकं आहे ते कळतं.

उतारावर शेवटचा काप पूर्ण करण्याआधी ओंडक्याच्या खालच्या बाजूला दगडाची किंवा लाकडाची उटी (तो लोळू नये म्हणून अडण) लावा, आणि स्वतः नेहमी वरच्या बाजूला उभे राहा. हेल्मेट, डोळ्यांना आणि कानांना संरक्षण, चेनसॉसाठीची खास पँट आणि पुढे लोखंडी टोपी असलेले बूट, एवढं अंगावर हवंच. ओंडके हलवताना बूट सर्वात जास्त कामी येतात, त्यामुळे काप संपले म्हणून ते काढू नका.

फार मोठे असतील ते तिथेच फोडा

सगळे ओंडके पडले की एकदा नजर फिरवून खडूनं खुणा करा. ३० सेंटिमीटरपर्यंतचे एका गटात. ते दोघांनी किंवा ओंडके पकडायच्या चिमट्यानं हलतात. ३० ते ६० पर्यंतचे लोळवून ट्रॉलीवर जातील. त्याहून मोठे असतील ते शक्यतो अख्खे हलवूच नका. २०० किलोंचा ओंडका चार भागांत फुटला की प्रत्येक भाग ५० किलोंचा होतो, आठ भागांत फुटला की २५ किलोंचा. तसाही तो पुढे फोडायचाच आहे. मग त्याचं पूर्ण वजन वाहून नेण्यात काही अर्थ नाही.

पाचर आणि घण घेऊन फोडायचं असेल तर आधी कापाची बाजू वाचा. गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या बारीक भेगा दिसतात. पाचर त्याच रेषेत लावायची. मोठ्या ओंडक्यात पहिली पाचर गाभ्यात मारू नका. सालीजवळून, कडेला, जाड फळीसारखे तुकडे काढत आत या. ओंडका लहान होत जातो आणि गाभा शेवटी आपोआप सैल होतो. दोन पाचरी हव्यातच. एक अडकली तर दुसरी तिला सोडवते. पाचरीचं डोकं घण खाऊन कडेनं पसरलं असेल तर ते घासून काढा. त्या पसरलेल्या कडेचा कपचा उडतो आणि गोळीच्या वेगानं डोळ्यात जातो. बऱ्याच जातींचं कठीण लाकूड वाळल्यावर फोडण्यापेक्षा ताजं असताना सोपं फुटतं, तेव्हा हे काम पुढे ढकलू नये.

गाठाळ किंवा पीळदार रेषांचा ओंडका पाचरीला दाद देत नाही. तिथे चेनसॉनं उभा छेद घ्या. ओंडका गोल अंगावर आडवा ठेवायचा, दोन्ही बाजूंना उटी लावायची, आणि पाते सालीवर, लाकडाच्या रेषांना समांतर धरून वरून खाली कापत जायचं. बरोबर लागलं तर नेहमीच्या भुशाऐवजी सुतळीसारखे लांब लांब धागे बाहेर पडतात. ते दिसले की करवत रेषांच्या दिशेनं चालली आहे असं समजा. हेच धागे करवतीच्या बाजूच्या झाकणात दाटून साखळी अडवतात, म्हणून मधूनमधून इंजिन बंद करून झाकण साफ करा. पूर्ण खालपर्यंत कापायची गरज नसते. चार बोटं लाकूड राहिलं की थांबा आणि फटीत पाचर मारा. उरलेलं फुटतं, आणि साखळी मातीपासून लांब राहते.

लोळवणं

जमीन बरीशी असेल तर गोल ओंडक्याला फिरतं ठेवायला फार थोडा जोर लागतो. तोच ओढत न्यायचा म्हटलं तर वजनाच्या निम्म्याहून जास्त जोर लागू शकतो. म्हणून कापाच्या बाजूवर सपाट पडलेला ओंडका आधी गोल अंगावर उभा करणं ही या कामातली किल्ली आहे.

हातांनी तो उभा करू नका. पहार घ्या. कापाच्या खालच्या कडेखाली पहारेचं टोक घाला, टोकाजवळ जमिनीवर एक लाकडाचा तुकडा टेकू म्हणून ठेवा आणि पहार खाली दाबा. टेकूपासून टोक १० सेंटिमीटर आणि तुमचा हात १२० सेंटिमीटरवर असेल तर बारा पट फायदा मिळतो. कड हातभर नाही, फक्त चार बोटं वर आली की जोडीदार खाली दुसरा तुकडा सरकवतो. पहार पुढे घ्या, पुन्हा दाबा. दोन-तीन टप्प्यांत ओंडका इतका कलतो की मग तळहातानं ढकलून गोल अंगावर येतो. एकटे असाल तर हुकेरून उपयोगी पडतो. हे कुऱ्हाडीसारख्या दांड्याचं, पण पात्याऐवजी वाकडी चोच असलेलं हत्यार. चोच वरच्या कडेच्या जराशी आत मारायची, मागे एक पाय घट्ट रोवायचा आणि अंगाचं वजन मागे टाकायचं. हातांनी खेचायचं नाही, वजनानं खेचायचं.

लोळवताना ओंडक्याच्या मागे, किंचित बाजूला राहा. दिशा बदलायची असेल तर वरच्या कडेवर एका बाजूनं दाब द्या, ओंडका त्या बाजूला कलून वळतो. दोन ओंडक्यांच्या मधे हात किंवा पाय कधीच नको. थांबलेला ओंडका शेजारच्याला टेकतो तेव्हा बोटं जातात. थांबला की लगेच उटी.

उतारावरून ओंडका मोकळा सोडून देणं हा सोपा मार्ग वाटतो. मी त्याच्या पूर्ण विरोधात आहे. वाटेत काही अडलं नाही तर ५ मीटर उंची उतरून आलेल्या गोल ओंडक्याचा वेग ताशी ३० किलोमीटरच्या आसपास पोचतो. शंभर किलोंचा ठोकळा त्या वेगानं कुठल्याही दगडावर उडून दिशा बदलतो. खाली कुणी नाही असं आपल्याला वाटत असतं, एवढंच.

चाकं: दोन चाकांची ट्रॉली आधी

गोदामात पोती किंवा फ्रीज हलवायला वापरतात ती उभी, दोन चाकांची ट्रॉली ओंडक्यांसाठी एकचाकी गाडीपेक्षा कितीतरी चांगली. कारण ओंडका तिच्यावर चढवावा लागत नाही. दोन गोष्टी बघून घ्या: चाकं हवेची आणि मोठी, निदान २५ सेंटिमीटर व्यासाची, आणि खालची पाटी जाड, खोल. गोदामातल्या गुळगुळीत फरशीसाठीची लहान भरीव चाकं मातीत नांगरासारखी घुसतात.

चढवायची पद्धत बहुतेकजण चुकीची वापरतात. गोल अंगावर लोळत आलेला ओंडका पुन्हा सपाट पाडतात आणि मग त्याखाली पाटी घुसवायला झगडतात. त्याऐवजी ट्रॉली उभी करा, पाटी जमिनीला सपाट टेकवा, चाकांमागे उटी लावा. आता ओंडका ट्रॉलीच्या बाजूकडून, चाकांच्या आसाला समांतर लोळवत पाटीवर आणा. पाटीची जाडी ओलांडायला एक हलका धक्का पुरतो. त्याची कापाची सपाट बाजू ट्रॉलीच्या पाठीला लागून बसली की रॅचेटच्या (खटक्यानं ताणायच्या) पट्ट्यानं आवळा. पट्टा नसेल तर ट्रॉली कलवताना ओंडका बाजूला लोळून जातो, तेव्हा इथे आळस नको.

या पद्धतीत दुसरा फायदा आहे. ६० सेंटिमीटर व्यासाचा ओंडका सपाट ठेवला तर त्याचा मध्य ट्रॉलीच्या पाठीपासून ३० सेंटिमीटर दूर असतो. गोल अंगावर ठेवला तर ४० सेंटिमीटर लांबीच्या निम्म्यावर, म्हणजे २० वर. मूठ १२० सेंटिमीटर उंचीवर धरली तर ११३ किलोंचा ओंडका कलवायला सुरुवातीला २८ ऐवजी १९ किलोंच्या आसपास जोर लागतो. एक पाय आसावर ठेवून मागे झुका. सुरुवातीचा जोर ओसरतो, आणि एका कोनात ट्रॉली अचानक हातात हलकी होते. सगळं वजन आता आसावर आहे. तोच कोन शेवटपर्यंत धरून चालायचं. चढावर ट्रॉली मागे ओढत न्या. उतारावर ती पुढे, खालच्या बाजूला धरून उतरा. स्वतः वरच्या बाजूला राहा, आणि उतार जोराचा असेल तर ट्रॉली बाजूला ठेवून दोर वापरा.

एकचाकी गाडी फोडलेल्या तुकड्यांसाठी उत्तम. अख्खा ओंडका घालायचाच असेल तर गाडी आडवी पाडा, तिचं पात्र ओंडक्याला भिडवा, ओंडका आत ढकला आणि दोघांनी मिळून गाडी उभी करा. ५० किलोंच्या पुढे हा प्रयोग नको. भार चाकाच्या जवळ ठेवा. मूठ आसापासून १४० सेंटिमीटरवर असेल आणि १०० किलोंच्या भाराचा मध्य आसापासून ६० सेंटिमीटरवर असेल तर हातांवर सुमारे ४३ किलो येतात. ४० वर आणला तर २९. आणि फेरी सुरू करण्याआधी चाकातली हवा बघा. मऊ पडलेलं चाक दिवसभर मागे खेचत राहतं.

चार चाकांची बागेतली गाडी सपाट वाटेवर छान चालते, पण तिच्या पाट्याच्या उंचीपर्यंत ओंडका न्यावा लागतो. फळीचा उतार लावूनच ती भरावी.

चढ आणि ओहळ: दोर, कप्पी, विंच

खड्ड्यातून किंवा चढावरून ओंडके काढायचे असतील तर माणसांची संख्या वाढवून उपयोग नाही. हातानं चालवायचा विंच घ्या. तारेच्या दोराला दोन जबड्यांनी आळीपाळीनं पकडत ओढणारं टिरफॉरसारखं यंत्र यासाठी फार भरवशाचं आहे. ८००, १६०० आणि ३२०० किलो क्षमतेची मॉडेल मिळतात. तरफ पुढे-मागे हलवत राहायचं, ओंडका इंचाइंचानं वर येतो, आणि तरफ सोडली तरी जागचा हलत नाही. वेग कमी आहे, पण या कामात तोच गुण आहे.

विंच बांधायचा नांगर म्हणून जिवंत, जाड झाड निवडा आणि त्याच्या बुंध्याशी, जमिनीलगत, रुंद पट्टा गुंडाळा. तारेचा दोर थेट झाडाला बांधला तर साल चिरते. ओंडक्याजवळ उघडणारी कप्पी लावून दोराचं टोक परत नांगराकडे आणून बांधलं तर ओढ जवळजवळ दुप्पट होते आणि वेग निम्मा. कप्पी ज्या जागी बांधलेली असते तिथे दोराच्या ताणाच्या दुपटीपर्यंत भार येतो, म्हणून कप्पी, तिचा पट्टा आणि शॅकल (जोडणारी लोखंडी कडी) त्या हिशेबानं जाड हवेत.

ओंडका सुटा ओढला तर तो नांगरत जातो. त्याला घसरगाडीवर ठेवा; जाड प्लास्टिकचा, पुढून वर वळलेला पत्रा पुरतो. अख्खं खोड ओढायचं तर पुढचं टोक जमिनीपासून वर उचललं गेलं पाहिजे. त्यासाठी टोकावर शंकूच्या आकाराची टोपी किंवा दोन चाकांची कमान मिळते. टोक वर आलं की मातीत घुसणं थांबतं आणि लाकडाला चिकटणारी खडी पुढे करवतीची साखळीही खात नाही.

ताणलेल्या दोराच्या रेषेत आणि वळणाच्या आतल्या कोनात कुणीही उभं राहू नये. तारेचा दोर तुटला तर चाबकासारखा परततो. त्याच्या मधोमध जाड गोधडी किंवा ओलं पोतं टाकून ठेवलं की तो झटका बराच खाली दबतो. तारेच्या दोराला हातमोज्याशिवाय हात नको. तुटलेल्या तारेचं एक कुसळ तळहात फाडायला पुरतं.

ट्रॅक्टर असेल तर

एकच गोष्ट ठासून सांगायची आहे: ओढ फक्त खालच्या ड्रॉबारवरून, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या ओढायच्या दांड्यावरून. साखळी मागच्या आसावर, वरच्या जोडणीवर किंवा सीटजवळ अडकवली आणि खोड कुठे अडलं, तर ट्रॅक्टर पुढून उचलला जाऊन मागे उलटतो. हे दीड सेकंदाच्या आत होऊ शकतं. क्लच दाबायला तेवढा वेळ पुरत नाही. उलटण्यापासून वाचवणारी चौकट आणि सीटबेल्ट, दोन्ही हवेत. पुढच्या लोडरमध्ये ओंडके घेतले तर बकेट गुडघ्याच्या उंचीवर ठेवूनच चालवा. बकेट उंच गेली आणि मागे कलली की ओंडके दांड्यांवरून लोळत थेट चालकावर येतात. ओंडके पकडणारा पंजा बसवलेला असेल तर हा धोका बराच कमी होतो.

गाडीत चढवताना

ट्रेलर जितका ठेंगणा तितका चांगला. मागचा पाटा ६० सेंटिमीटर उंच असेल तर २.४ मीटर लांबीच्या दोन जाड फळ्या लावा. उताराचं प्रमाण एकास चार झालं, म्हणजे १०० किलोंच्या ओंडक्याला लोळवत वर न्यायला साधारण २५ किलोंचा जोर. फळ्या वरच्या टोकाला पाट्याशी बांधलेल्या हव्यात, आणि मधे वाकत असतील तर खाली ओंडक्याचाच टेकू द्या. ट्रेलर गाडीला जोडलेला आणि चाकांना उटी लावलेली असल्याशिवाय पहिला ओंडका फळीवर नको. सुटा ट्रेलर मागून भार आला की उलथतो.

लांब ओंडक्यासाठी दोराची जुनी युक्ती वापरा. दोन दोरांची टोकं ट्रेलरच्या पुढच्या भागाला बांधा, दोर फळ्यांवरून खाली आणा, ओंडक्याखालून घेऊन त्याच्यावरून परत वर आणा आणि ट्रेलरमध्ये उभं राहून ओढा. ओंडका स्वतःच फिरती कप्पी होतो आणि जोर पुन्हा निम्मा लागतो. फळीच्या खाली, ओंडक्याच्या वाटेत, कुणीही नसावं. मागून हातभार लावणारा माणूस सगळ्यात धोक्याच्या जागी असतो. त्याला बाजूनं उटी सरकवायचं काम द्या.

किती भरायचं, हे ट्रेलर भरलेला दिसतो की नाही यावर ठरवू नका. २ मीटर लांब आणि १.२ मीटर रुंद पाट्यावर ४० सेंटिमीटर उंचीचा एकच थर लावला तरी मधल्या फटी वगळून अंदाजे ०.६ घनमीटर लाकूड होतं, म्हणजे ६०० किलो. बऱ्याच लहान ट्रेलरांची मर्यादा इथेच येते. वजनाचा थोडा जास्त भाग आसाच्या पुढे ठेवा. मागे भार गेला की वेगात ट्रेलर डोलायला लागतो. ओंडके सपाट बाजूवर बसवा, गोल अंगावर नको, आणि वरून पट्टे आवळा. थोडं अंतर गेल्यावर थांबून पट्टे पुन्हा ताणा, कारण ओंडके हादऱ्यानं बसतात आणि पट्टे सैल पडतात.

उतरवणं आणि फोडणं

ओंडके उतरवताना ढीग घालायचा मोह होतो. ढिगातला प्रत्येक ओंडका पुन्हा उपसावा लागतो. त्यापेक्षा फळीवरून एकेक खाली लोळवून, लाकूड फोडायच्या यंत्रासमोर एका रांगेत गोल अंगावरच उभे करा आणि दोन्ही टोकांना उटी लावा.

हायड्रॉलिक स्प्लिटर, म्हणजे हेच फोडायचं यंत्र, घ्यायचा किंवा भाड्यानं आणायचा असेल तर किती टनांचा यापेक्षा तो उभा होतो का, हे आधी विचारा. आडव्या यंत्रावर प्रत्येक ओंडका कमरेपर्यंत उचलावा लागतो. उभ्या यंत्राची पाटी जमिनीलगत असते. ओंडका लोळवत आणायचा, पाटीवर कलवायचा, पाचर वरून येते. दिवसभर वाकून राहू नये म्हणून शेजारी एक ठेंगणा ओंडका बसायला ठेवा. पाचर हलत असताना ओंडका हातानं धरायचा नाही, आणि यंत्राची कळ दाबणारा व ओंडका लावणारा एकच माणूस असावा. दोघांनी कामं वाटून घेतली की कळ दाबणाऱ्याला वाटतं हात निघाला, आणि तो निघालेला नसतो.

फोडलेलं लाकूड लगेच, जमिनीपासून थोडं वर, वारा खेळेल असं रचा. कोरड्या वजनाच्या ८० टक्के पाणी असलेलं लाकूड वाळून २० टक्क्यांवर आलं की त्याचं वजन एक तृतीयांशानं उतरतं. म्हणून घरापर्यंतची शेवटची फेरी वाळल्यानंतर ठेवता आली तर तीही हलकी होते. अख्खा ओंडका मात्र नुसता ठेवून फारसा वाळत नाही, साल पाणी आत धरून ठेवते.

आधी काय घ्यावं

सगळं एकदम घेऊ नका. पहिली पहार, दोन पाचरी आणि घण. हे नसेल तर बाकी यंत्रांचा उपयोग निम्मा. मग कँट हुक. मग मोठ्या हवेच्या चाकांची ट्रॉली आणि चांगला रॅचेट पट्टा. हुकेरून आणि एक चिमटा त्यानंतर. स्वतःच्या वजनानं आवळणारा चिमटा असेल तर दोघे जण पन्नासेक किलोंचा ओंडका न वाकता थोडं अंतर नेतात. विंच वर्षातून एकदा लागत असेल तर भाड्यानं आणावा, वाट चढाची असेल तर विकत घ्यावा. साखळ्या आणि पट्टे घेताना त्यावर कामाच्या भाराची मर्यादा छापलेली आहे ना, ते बघा. छाप नसलेली साखळी कितीही जाड दिसली तरी ओंडक्यांच्या कामाला घेऊ नका. काम संपल्यावर पट्ट्यांवरून बोट फिरवा. कड फाटलेली, शिवण उसवलेली किंवा घासून कडक झालेली लागली तर तो पट्टा त्याच दिवशी कापून दोन तुकडे करा, म्हणजे पुढच्या खेपेला चुकून कुणाच्या हातात यायचा नाही.